घरातल्या दोन कुत्र्यांची (दोघी फीमेल) सारखी मारामारी, काय करू?

प्रश्न: लॅब ५ वर्षांची आणि रस्त्यावरून आणलेली इंडी २ वर्षांची, आधी एकत्र झोपायच्या पण आता मी ऑफिसमधून आले की दारातच जुंपते, परवा लॅबचा कान फाटला. कुणालाच सोडायचं नाहीये, प्लीज सांगा.

उत्तर १: ताई, मध्ये हात अजिबात घालू नका, पट्टा धरायला गेलं की चावा आपल्यालाच बसतो. मधे जाड उशी नाहीतर पाट सरकवा आणि वेगळ्या खोल्यांत ठेवा, शांत दिसल्या तरी लगेच एकत्र नको.

उत्तर २: दोघींचं स्पे (पिल्लं न होण्याचं ऑपरेशन) झालंय का? माजाच्या आसपास आणि नंतर दोनेक महिने खोट्या गाभणपणात चिडचिड वाढते. ऑपरेशन बहुतेक डॉक्टर माज संपल्यावर २-३ महिन्यांनी करतात, पण तेवढ्यानं सगळं मिटेल असं धरू नका. लॅबचे सांधेही दाखवा, दुखत असेल तर ती लवकर डाफरणारच.

उत्तर ३: दारातलं भांडण तुमच्या लक्षावरून आहे हो. बेबी गेट (दारात बसवायचं छोटं फाटक) लावा, आल्यावर दोघींना वेगवेगळं भेटा, जेवण वेगळ्या खोलीत, हाडं-खेळणी उचलून ठेवा. फिरायला दोन माणसं, अंतर ठेवून, आणि बास्केट मझलची (तोंडावर लावायच्या जाळीची) सवय आत्तापासूनच लावा.