ह्युमनॉइड किट उभे करताना थरथरते

प्रश्न: मी प्रथमच १७ सर्व्हो मोटरींचे (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणाऱ्या मोटरी) ह्युमनॉइड किट, म्हणजे माणसाच्या आकाराचा रोबोट, जोडले आहे. हात व्यवस्थित हलतात. मात्र रोबोट उभा करू लागताच डावा गुडघा वाकडा राहतो, पाय थरथरतात आणि कंट्रोलर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. चूक कोठे झाली असावी?

उत्तर: सर्व्होला आधी १५०० मायक्रोसेकंदांचा पल्स (नियंत्रणाचा विद्युत संकेत) देऊन मध्यावर आणावे आणि मगच हॉर्न (मोटरच्या दांड्यावर बसणारी, सांधा हलवणारी पट्टी) बसवावा, कारण २५ दात्यांच्या दांड्यावर एक दाता जरी चुकला तरी सांधा सुमारे १४ अंशांनी फिरलेला राहतो. सगळा पाय खोलावा लागेल, हे कंटाळवाणे खरे.

उत्तर: कंट्रोलर बंद पडतो तो व्होल्टेज कोसळल्यामुळे. उभे राहताना पायांतील सर्व मोटरी एकदम जोर लावतात. त्यांना स्वतंत्र बॅटरी द्यावी, परंतु तिची ग्राउंड (ऋण) तार कंट्रोलरच्या ग्राउंडला जोडावी. आपण सध्या वीज कोठून घेत आहात?

प्रश्नकर्ता: लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टमधून! हॉर्नही एक दाता पुढे बसला होता. आता बॅटरी जोडल्यावर थरथर थांबली आहे, गुडघा उद्या खोलतो.