कपाटात चपला-बुटांचा कप्पा : तिरकी फळी की ट्रे?

माहुली_घाट (सातारा)
बेडरूमच्या कपाटात खालच्या भागात बुटांची सोय करायची आहे. कपाट बाहेरून ९०० मिमी रुंद, ५६० खोल. शर्टांच्या दांडीखाली निव्वळ ७५० मिमी उंची उरते. दोन पल्ले, बिजागरीचे. घरात चार माणसं, एकूण १५-१६ जोड, त्यात एक घोट्यापर्यंतचे बूट. मिस्त्री म्हणतो दुकानात असतात तशा तिरक्या फळ्या करू, पुढे स्टीलची पाइप. चांगलं दिसेल, पण जागा वाचेल का? शिवाय कपाट पश्चिमेच्या भिंतीला आहे, पावसाळ्यात बुरशीचीही धास्ती वाटते.

रंधा_पटाशी (सांगली)
तिरक्या फळीने जागा वाचते हा समज आहे. गडीमाणसाचा नऊ नंबरचा बूट बाहेरून साधारण ३०० मिमी. फळी २० अंश तिरकी केली तर खोली २८२ लागते, म्हणजे वाचले १८ मिमी. आणि फळीची मागची बाजू १०३ मिमी वर जाते. ५६० खोलीच्या कपाटात खोली वाचवायची गरजच नाही, तुमची अडचण उंचीची आहे. तिरकी फळी दुकानातच शोभते, तिथे गिऱ्हाइकाला बूट दिसायला हवा असतो.

सरळ ट्रे करा, टेलिस्कोपिक चॅनेलवर (ड्रॉवर सरकवायच्या पोलादी पट्ट्या), पूर्ण बाहेर येणारे. आता हिशेब बघा. ९०० मधून दोन बाजूंचे १८-१८ गेले, राहिले ८६४. दोन्हीकडे १८ चं पॅकिंग, म्हणजे आतून लावलेली भरीची फळी (का ते खाली सांगतो), राहिले ८२८. चॅनेलला दोन्ही बाजूंनी चार-चार सूत (अर्धा-अर्धा इंच), म्हणजे मिळून २६ मिमी सोडले की ट्रे बाहेरून ८०२. १२ मिमी प्लायच्या बाजू धरून आतून ७७८. चॅनेल ५०० चं घेतलं तर आतली खोली ४७६.

बूट नाक पुढे करून ठेवले तर एका ट्रेत फक्त तीन जोड बसतात आणि मागे १७६ मिमी वाया जाते. तेच आडवे ठेवा, बुटाची लांबी ट्रेच्या रुंदीत. एका ओळीत दोन जोड, अशा दोन ओळी. जोडाची रुंदी २१० धरली तर ४२० लागतात, ४७६ मध्ये आरामात. चार जोड झाले, आणि कडेला १७८ मिमीची पट्टी उरते, तिथे पॉलिश-ब्रश. बाहेरून २५५ मिमीपर्यंतचे बायकांचे नि पोरांचे जोड एका ओळीत तीन बसतात, म्हणजे ट्रेत सहा.

पॅकिंग बिजागरीसाठी. ते नसेल तर ट्रे ओढताना पल्ल्यावर नाहीतर बिजागरीवर घासतो आणि सनमायक्याची कड उडते. पल्ला पूर्ण उघडून कोपऱ्यात फूटपट्टी लावून बघा, पल्ला आत डोकावत असेल तर पॅकिंग २५ करा आणि ट्रे त्या मापाने कमी. बिजागरी ट्रेच्या उंचीत येऊ देऊ नका.

माहुली_घाट
हिशेब पटला. चार ट्रे बसतील ना? आणि प्लाय किती आणू?

रंधा_पटाशी
चारच करा. सगळ्यात खाली २३० उंचीचा खण घोट्याच्या बुटांना, वर दोन १८०-१८० चे, सगळ्यात वर १४० चा चपलांना. एकूण ७३०. कोल्हापुरी वगैरे चपट्या असतात, त्यांना १४० पुष्कळ झाले.

१२ मिमीची ८×४ फुटांची एकच शीट पुरते, पण कापताना डोकं लावा. ८०२×५०० चे तळ शीटमध्ये सहा बसतात. चार तळांना गेले, उरलेल्या दोन तुकड्यांतून आणि कडेच्या २१० च्या पट्टीतून ७५ मिमीच्या बाजू निघतात. मिस्त्री दुसरी शीट मागेल, त्याला हे कागदावर काढून दाखवा. पॅकिंग १८ च्या तुकड्यांतून.

स्क्रूचं सांभाळा. ट्रेला चॅनेल लावताना १३ मिमीचेच. १९ चे मारले तर आतून टोक बाहेर येतं आणि बुटाचं चामडं फाडतं. कोपरे जोडताना आधी बारीक भोक पाडा, नाहीतर १२ मिमीचे पदर फाकतात. चॅनेल साधं चालेल. भरलेला ट्रे आठ-दहा किलोच्या आसपास जातो, सॉफ्ट-क्लोजचे (आपोआप हळू बंद होणाऱ्या चॅनेलचे) पैसे वाया.

ओलसर_भिंत (सातारा)
बुरशीचं मी लिहितो. पश्चिमेची भिंत म्हणजे पावसाची झड थेट तिच्यावर. आधी बाहेरून प्लॅस्टरच्या भेगा भरा, त्याशिवाय आतलं काहीही टिकणार नाही. प्लाय ७१० ग्रेडचाच (पाण्याला टिकणारा मरीन प्लाय) घ्या, एमडीएफ नको, पाण्याने फुगतो. कपाट भिंतीपासून २०-२५ मिमी पुढे घ्या. सनमायका दोन्ही बाजूंनी लावा, एकाच बाजूने लावलेली फळी पावसाळ्यात वाकते.

५०० च्या चॅनेलमागे ५० मिमी मोकळे राहतात, ते भरू नका. खाली स्कर्टिंगला (कपाटाच्या पायाच्या पट्टीला) आणि मागच्या प्लायला बुटांच्या कप्प्याच्या वरच्या बाजूला २५ मिमीची चार-चार भोकं, जाळी लावून. हवा खालून शिरते, मागून वर चढते. कपडे आणि बूट यांच्यात फळी मात्र सलग हवी, नाहीतर शर्टांना वास लागतो.

ओले बूट आत टाकायचेच नाहीत. कागदाचे बोळे भरून पंख्याखाली एक दिवस, कागद दोनदा बदलून. कडक उन्हात नको, चामडं तडकतं. कोल्हापुरीचं चामडं झाडांच्या सालीत कमावलेलं असतं, त्याला बुरशी फार लवकर धरते. पावसाळ्याआधी पुसून, तेलाचा हात देऊन वरच्या ट्रेत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून नको.

माहुली_घाट
ट्रेच्या तळालाही भोकं पाडू का?

ओलसर_भिंत (सातारा)
पाडा, हवा खेळेल.

रंधा_पटाशी
इथे माझं जमत नाही, दादा. वरच्या तळाची माती थेट खालच्या बुटांवर पडते. त्यापेक्षा तळावर पातळ रबरी चटई टाका, महिन्यातून एकदा काढून धुवा. भोकं पाडायचीच तर फक्त सगळ्यात खालच्या ट्रेला.