टीव्हीवरच्या साडीला पैठणी म्हणावे का?

पंचवटीकर

गेल्या वर्षी महालक्ष्म्या बसण्याच्या आठवडाभर आधी माझ्या 74 वर्षांच्या आईने दूरचित्रवाणीवरील एका खरेदीवाहिनीवरून ‘चार पैठण्यांचा संच’ 1,499 रुपयांना मागवला. निवेदिका दिव्यांच्या झगमगाटात चिंतामणी रंगाचा पदर पसरून त्यावरचे मोर दाखवत होती, पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उलटे धावत होते आणि शिल्लक नगांचा आकडा सारखा खाली येत होता. अशा वेळी रेशीम कोणते आणि जर कोणती, हे विचारायचे कोणाला सुचणार? पार्सल आले तेव्हा चिंतामणीचा फिकट निळा झाला होता आणि पदराच्या मागे सुटे दोरे लोंबत होते. कडेचा एक धागा काढून जाळून पाहिला, तर केस जळाल्यासारखा वास येऊन भुरभुरीत राख व्हावी तसे काही न होता त्याची टणक काळी गोळी झाली. रेशमाचा मागमूस नव्हता.

पॉलिस्टरच्या साडीला माझा विरोध नाही. ती धुवायला सोपी, न चुरगळणारी आणि रोजच्या वापराला सोयीची असते. माझा आक्षेप तिला दिलेल्या नावाला आहे. पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरण्याची कायदेशीर मान्यता, मिळाले. आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात ती हातमागावर विणली जाते, पदरावरच्या नक्षीतला प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या रिळावरून हाताने भरला जातो, आणि शेजारच्या रंगांचे धागे एकमेकांत गुंतवले जात असल्याने साडी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. एकेका पैठणीला काही आठवडे, भरजरी पदर असेल तर काही महिनेही लागतात. हे सारे ज्या एका शब्दात सामावले आहे, तो शब्द चार साड्यांच्या संचावर चिकटवणे ही फसवणूकच आहे. खरेदीवाहिन्यांनी किंमत ज्या आकाराच्या अक्षरांत दाखवावी, त्याच आकाराच्या अक्षरांत कापडाचा धागाही लिहावा, असे मला वाटते. आपले मत काय?

इंदिरानगरहून

आपल्या आईंची निराशा झाली याचे वाईट वाटते, पण सगळा दोष टीव्हीच्या माथी मारणे मला पटत नाही. माझ्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे दोन जिने उतरवत नाहीत. मेन रोडवर गाडी लावायला जागा शोधायची, गर्दीतून वाट काढत दुकानात शिरायचे, आणि गादीवर बसताच ‘काकू, बजेट किती?’ या प्रश्नाला सामोरे जायचे. मग समोर पंचवीस साड्या उलगडल्या गेल्या, की काही न घेता उठण्याचा संकोच वाटतो तो निराळाच. टीव्हीसमोर बसलेल्या बाईला कोणी बजेट विचारत नाही. भारतात 2008 साली होमशॉप18 सुरू झाल्यावर चोवीस तास खरेदी दाखवणारी वाहिनी घराघरांत आली, तेव्हा घरबसल्या साडी निवडण्याचे सुख अशा स्त्रियांना पहिल्यांदा मिळाले. मोबाईलवर खरेदी करणाऱ्या पिढीला त्याची किंमत कळणार नाही.

शिवाय ‘सेमी पैठणी’, ‘ब्रोकेड पैठणी’ हे शब्द काही वाहिन्यांनी शोधलेले नाहीत. आपल्याच शहरातल्या दुकानांत ते सर्रास चालतात आणि त्यावर कोणी धागा काढत नाही.

शिवणयंत्र

मी सातपूरला कपडे शिवते आणि टीव्हीवरून आलेले कपडे दुरुस्तीसाठी माझ्याकडे नेहमी येतात, म्हणून थोडे वेगळे सांगते. साडीचे एक वेळ निभावते, खरी अडचण कुर्त्यांची आहे. निवेदिका ‘38 साइज’ म्हणते तेव्हा ते छातीचे अंगावरचे माप आहे की तयार कपड्याचे, हे सांगितले जात नाही, आणि या दोन मापांत सहज दोन ते चार इंचांचा फरक असतो. कपडा घालून दाखवणाऱ्या मुलीच्या पाठीमागे तो चिमटे लावून आवळलेला असला, तर आपल्याला समोरून काय कळणार? स्वस्त कुर्त्याच्या शिलाईत मार्जिन जेमतेम ठेवलेले असते. म्हणून तो लहान करता येतो, पण उसवून मोठा करता येत नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणींना तो मोठाच करून हवा असतो. मग बाजूला पट्टी जोडायची, म्हणजे शिलाईसह कुर्ता दुकानातल्या भावालाच पडतो.

फॅशनबद्दल म्हणाल, तर मालिकेत नायिकेने घातलेली बाही काही दिवसांत खरेदीवाहिनीवर दिसते आणि त्यानंतर माझ्याकडे फोटो येऊ लागतात. ती बाही दंडाला शोभते का, हा विचार कोणी करत नाही. असो, तो वेगळा विषय आहे.

ग्राहक

मुद्दा मांडून थांबतो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये वस्तू विकत घेण्याच्या व्याख्येत टेलिशॉपिंगचा स्पष्ट उल्लेख आहे. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे कंपनीचे कार्यालय दुसऱ्या राज्यात असले तरी नाशिकमध्येच दाद मागता येईल. 5 लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणांत शुल्क नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. खोका उघडतानाचे चित्रीकरण आणि बिल जपून ठेवावे.

येवल्याचा

आमच्या घरात तीन पिढ्या माग आहे, म्हणून राहवले नाही. पंचवटीकर, आपला राग आमच्या बाजूने आहे हे कळते, तरी काही गोष्टी कडू असल्या तरी सांगायला हव्यात. यंत्रमागावरची साडी येवल्यातल्या दुकानांतही विकली जाते आणि बाहेरगावचे गिऱ्हाईक ती ‘येवल्याहून आणली’ म्हणून कौतुकाने नेते. तेव्हा नाव विटाळण्यात आमच्यातल्याही काही जणांचा हात आहे. दुसरे असे, की 1,499 रुपयांत चार साड्या घेणारी बाई आमची हजारो रुपयांची साडी घेणारच नव्हती. तिने आमचे गिऱ्हाईक पळवले असे मी म्हणणार नाही. उलट ‘होम मिनिस्टर’मध्ये जिंकणाऱ्या वहिनींना पैठणी मिळू लागली, तेव्हा ज्या घरांत ती फक्त लग्नाच्या आठवणीत होती त्या घरांतही तिचे नाव पोहोचले. तोही टीव्हीच होता.

मात्र एक नुकसान होते आणि ते पैशांत लगेच दिसत नाही. गिऱ्हाईक मागाजवळ उभे राहून, समोर विणकराचे हात चालताना पाहूनही म्हणते, ‘टीव्हीवर तर पाचशेच्या आत मिळते.’ दिवसभर मान खाली घालून बोटभर मुनिया, म्हणजे काठावरची छोट्या पक्ष्याची नक्षी, विणलेल्या पोराने हे ऐकले, की त्याला मागावर बसवत नाही. माझा धाकटा भाऊ याच कंटाळ्याने अंबडच्या कारखान्यात लागला. त्यामुळे धागा ठळक अक्षरांत लिहावा या मागणीला माझा पाठिंबा आहे, पण ती वाहिन्यांपुरती न ठेवता आमच्या पेठेलाही लावावी. आणि खरे रेशीम घेताना गिऱ्हाइकानेही सिल्क मार्कचे लेबल मागण्याची सवय लावून घ्यावी.

पंचवटीकर

येवल्याचा यांचे म्हणणे मान्य आहे. दुकानांना वगळण्याचे मला काही कारण नव्हते, ते माझ्याकडून सुटले. इंदिरानगरहून यांना मात्र एवढेच विचारतो, की दुकानात निदान कापड चिमटीत धरता येते, पदर उलटा करून पाहता येतो; टीव्हीवर हाताचे काम सर्वस्वी निवेदिकेच्या शब्दांवर सोपवलेले असते. म्हणूनच तिथे शब्दांची जबाबदारी जास्त धरली पाहिजे, असे आपल्याला वाटत नाही का?

इंदिरानगरहून

जबाबदारी धरा, त्याला माझी हरकत नाही. पण उद्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘100 टक्के पॉलिस्टर’ लिहिले, तरी माझ्या सासूबाई ती साडी मागवतीलच. रेशीम नाही हे त्यांना आजही ठाऊक असते. त्यांच्या स्वतःच्या लग्नातली खरी पैठणी कपाटात मलमलच्या कापडात गुंडाळलेली आहे आणि फाटेल म्हणून त्या ती नेसत नाहीत. त्यांना मोर असलेला, धुता येणारा आणि शेजारणीला देताना जीव वर-खाली न होणारा पदर हवा असतो. अशा साडीला पैठणी म्हणू नये, तर मग काय म्हणावे, हे आधी ठरवावे. ‘मोराच्या काठाची साडी’ एवढे नाव पुरेल, असे सासूबाईंचे मत आहे.