ब्लॅकबर्नची माणसं कृतघ्न नाहीत

बालेवाडीकर: काल एक फॉरवर्ड आला: 'पुण्याच्या वेंकीजनी ब्लॅकबर्न रोव्हर्सवर एवढा पैसा ओतला आणि ते लोक खाल्ल्या घरचे वासे मोजतात.' वेंकीज म्हणजे चिकनवाली कंपनी, इंग्लंडच्या या फुटबॉल क्लबची मालक. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

7 मे 2017. मी लंडनला नोकरीत होतो. ब्रेंटफर्डच्या मैदानावर रोव्हर्सच्या लोकांत उभा होतो. 3-1 जिंकलो आणि तरी खाली लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत, गेलो. आमच्यासारख्याच तळाशी असलेल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टचेही 51 गुण, पण गोलफरक त्यांचा बरा. शेजारचे सत्तरीचे आजोबा सारखे फोनवर तिकडचा स्कोअर बघत होते. फॉरेस्टचा तिसरा गोल झाला तसा त्यांनी फोन खिशात टाकला. मग निळा-पांढरा मफलर काढून घडी घातली, उलगडली, परत घातली. 1995 चे प्रीमियर लीग विजेते तिसऱ्या पायरीवर!

त्या मोसमाआधी आमचा खेळाडू ऱ्होड्स विकला, मोसमाच्या तोंडावर हॅन्ली आणि डफी हे खेळाडूही गेले. मॅनेजर कोण आणला? कॉईल, बर्नलीचा जुना मॅनेजर. बर्नली म्हणजे यांचे हाडवैरी! निषेध म्हणून लोक एका सामन्याला 18 व्या मिनिटाला आत आले, 75 व्याला बाहेर पडले. क्लब 1875 चा आहे. मालक क्लबच्या ईवुड मैदानाला फारसे फिरकतच नव्हते.

औंधचा स्टॉपर: आणि तोटा कोणी भरला? आजोबांच्या मफलरने? पैसे संपल्यावर काय होतं ते बरी या क्लबला विचारा, 2019 मध्ये थेट लीगबाहेर. रोव्हर्स पुढच्याच वर्षी 96 गुण घेऊन वर आले, तेव्हाही मालक हेच होते. 2012 मध्ये विगनच्या सामन्यात मैदानात कोंबडी सोडली, ती कोणाची चेष्टा होती? मी लेस्टरला आठ वर्षं काढलीत. त्यानंतर ऑफिसात मला 'चिकन' म्हणायचे. मला निष्ठा शिकवू नका.

बालेवाडीकर: तुम्हाला तसं म्हणणारे नालायकच. पण तो राग ब्लॅकबर्नच्या लोकांवर का?

खडकीचा लेफ्टबॅक: तुम्ही तिकडच्या ब्लॅकबर्नवरून भांडा. आपला पुणे एफसी 2012-13 च्या आय-लीग या देशातल्या स्पर्धेत दुसरा आला होता, 2015 मध्ये बंद. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये बंद. तेव्हा कोणी एवढं लिहिलं? मी रविवारी 22 पोरांना शिकवतो. आमचं मैदान लग्नाला भाड्याने देतात.

मडगावकर: रड फक्त पुण्याची नाही. 2016 मध्ये गोव्याच्या धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग, तिघा क्लबांनी आय-लीग सोडली. आमच्याकडे घराघरात फुटबॉल असून ही गत.

औंधचा स्टॉपर: पुण्यातल्या संघाला प्रेक्षक कुठे होते? बालेवाडीला मी रिकाम्या खुर्च्या पाहिल्यात.

खडकीचा लेफ्टबॅक: मी होतो तिथे! दोन बस बदलून, पोरांना घेऊन. रात्री परतायला बस नसायची. रिकाम्या खुर्च्या मोजणाऱ्याने आमची पायपीटही मोजावी.

बालेवाडीकर: हेच तर म्हणतोय. तुमचा संघ गेला तेव्हा तुम्हाला कोणी विचारलं? ब्लॅकबर्नलाही कोणी विचारलं नाही.

औंधचा स्टॉपर: ठीक आहे. कॉईलला आणणं चूक होती, त्या वर्षीची विक्रीही. एवढंच मान्य. कोंबडीचं कधीच नाही.

खडकीचा लेफ्टबॅक: ज्यांना जमेल त्यांनी रविवारी सकाळी साडेसहाला या. शनिवारी लग्न आहे. मंडपाच्या बांबूंचे खड्डे बुजवायचेत, गेल्या वेळी एका पोराचा घोटा मुरगळला.