मदत हवी आहे : ८ जीबी रॅम बसवूनही संगणक ३.२४ जीबीच वापरतो, आता पुढे काय करावे?

नमस्कार,

सोलापुरात पूर्व भागात लग्नपत्रिका, हँडबिले आणि फ्लेक्स यांचे डिझाइन करून देण्याचे माझे छोटे दुकान आहे. २०१२ मध्ये नवी पेठेतून असेंबल करून घेतलेला एकच डेस्कटॉप आजवर सगळे काम ओढत आला आहे. त्यात इंटेल कोअर आय३-२१२० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ५०० जीबीची ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क आणि ३२ बिटची विंडोज ७ होम बेसिक आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही आणि रॅमचे स्लॉट दोनच आहेत. कामाला कोरल ड्रॉ एक्स३, फोटोशॉप सीएस३ आणि मराठी, कन्नड, तेलुगू फाँटचे एक जुने सॉफ्टवेअर लागते, जे संगणकाच्या मागे यूएसबी लॉक (परवान्याची छोटी चावी) लावल्याशिवाय उघडतच नाही. आमच्या भागात एकाच घरची पत्रिका अर्धी मराठीत आणि अर्धी तेलुगूत छापून घेणारे बरेच आहेत, आणि अक्कलकोटकडचे गिऱ्हाईक आले की कन्नडही लागते, त्यामुळे हे सॉफ्टवेअर सोडणे मला शक्य नाही.

अडचण अशी आहे की दहा बाय वीस फुटांचा फ्लेक्स फोटोशॉपमध्ये उघडला, की कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा लाल दिवा विझायचे नावच घेत नाही. माउसचा बाण अडकतो, आणि एखाद्या नेत्याच्या फोटोमागची पार्श्वभूमी काढून टाकायला दिलेल्या आज्ञेचा परिणाम दिसेपर्यंत समोरच्या गिऱ्हाइकाचा चहा पिऊन होतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेचे काम आता सुरू होईल, आणि त्या पंधरवड्यात असे चालणार नाही.

म्हणून आधीच्या २ जीबीच्या दोन पट्ट्या काढून रॅम वाढवायचे ठरवले. एका विक्रेत्याकडून ८ जीबीची एकच पट्टी स्वस्तात मिळाली, पण ती बसवल्यावर पंखा फिरत राहिला आणि स्क्रीन काळीच राहिली. खोडरबरने पट्टीचे सोनेरी दात पुसून, स्लॉट बदलून, सगळे करून पाहिले. शेवटी बरीच हुज्जत घातल्यावर त्याने ती परत घेतली आणि ४ जीबीच्या दोन पट्ट्या दिल्या. या पट्ट्यांवर संगणक व्यवस्थित सुरू झाला, परंतु ‘माय कॉम्प्युटर’च्या प्रॉपर्टीजमध्ये ‘८.०० जीबी (३.२४ जीबी वापरण्यायोग्य)’ असे दिसते, आणि मला आठवते त्याप्रमाणे ४ जीबी असतानाही कंसातला आकडा हाच होता. म्हणजे पैसे गेले आणि कामात तसूभरही फरक पडला नाही.

माझ्या पट्ट्या सदोष आहेत, मदरबोर्ड जुना आहे, की आणखी काही कारण आहे? विंडोज ६४ बिटची टाकावी असे एकाने सुचवले, पण तसे केल्यास फाँटचे लॉक आणि माझा जुना फ्लॅटबेड स्कॅनर चालेल का, ही धास्ती आहे. स्कॅनर बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्याचा ३२ बिटचाच ड्रायव्हर आहे, हे मी पाहिले आहे. उरलेल्या पैशांत एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवण करणारी डिस्क) घ्यावी की सगळेच विकून जुन्या बाजारातला दुसरा संगणक घ्यावा, याबद्दलही मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद – जुळेसोलापूरकर

आपल्या पट्ट्या चांगल्या आहेत आणि मदरबोर्डही निर्दोष आहे. अडथळा फक्त विंडोजचा आहे. ३२ बिटच्या प्रणालीला मोजता येणारे पत्ते २ चा ३२ वा घात एवढेच, म्हणजे ४ जीबीपुरतेच असतात. त्या पत्त्यांपैकी काही मदरबोर्डवरच्या उपकरणांसाठी राखून ठेवावे लागतात, आणि आपल्याकडे वेगळे ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे चित्र दाखवण्यासाठीची मेमरीही रॅममधूनच जाते. जे उरते ते ३.२४. पेठेत घरे कितीही बांधली तरी घरक्रमांक चार हजारांवर संपत असतील तर पुढच्या घरांना टपाल पोहोचणार नाही, तसाच हा प्रकार आहे. म्हणून ४ जीबी होते तेव्हाही आणि ८ जीबी झाल्यावरही आपल्याला एकच आकडा दिसतो.

पहिली ८ जीबीची पट्टी का चालली नाही, याचेही बहुधा असेच साधे कारण आहे. एच६१ वर एका स्लॉटमध्ये ८ जीबी चालते, एकूण १६ जीबीपर्यंत. परंतु आपल्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरला ती पट्टी ४ गिगाबिटच्या १६ चिपांची, म्हणजे दोन्ही बाजूंना आठ-आठ चिपा असलेली, लागते. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या अनेक ८ जीबी डीडीआर३ पट्ट्या फक्त एएमडीच्या मदरबोर्डसाठी बनवलेल्या असतात, आणि त्या इंटेलवर लावल्या की आपण वर्णन केले तसा काळा पडदाच दिसतो. पुढे कधी १६ जीबी करायची वेळ आली तर पट्टी हातात घेऊन चिपा मोजाव्यात आणि ‘इंटेलवर चालली नाही तर परत’ असे बिलावर लिहून घ्यावे. मात्र आपली होम बेसिक आवृत्ती ६४ बिटची टाकली तरी ८ जीबीपलीकडे जात नाही, तेव्हा सध्या आहे ते पुरेसे समजावे. शिवाय सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन्ही एकाच वेळी मिळून, चालतात आणि आपल्यासारख्या अंगभूत ग्राफिक्सच्या संगणकाला त्याचा थोडा फायदाच होतो, त्यामुळे दुकानदाराने नकळत आपले भलेच केले आहे.

आता मुख्य मुद्दा. ६४ बिटवर गेल्यावरही फोटोशॉप सीएस३ आणि कोरल ड्रॉ एक्स३ हे प्रोग्राम ३२ बिटचेच राहतील, म्हणजे त्यांतील प्रत्येकाला जास्तीत जास्त ४ जीबी मिळेल. फोटोशॉपची ६४ बिटची आवृत्ती सीएस४ पासून आली, कोरल ड्रॉची एक्स६ पासून. तरीही फायदा होईल, कारण आज विंडोज, फाँटचे सॉफ्टवेअर, कोरल ड्रॉ आणि फोटोशॉप हे सगळे मिळून ३.२४ जीबीत दाटीवाटीने बसतात आणि जागा संपली की विंडोज मेमरीतला मजकूर हार्ड डिस्कवर उतरवते. तो लाल दिवा त्याचाच आहे. खात्री करायची असेल तर रिसोर्स मॉनिटर उघडून मेमरीच्या पानावर ‘हार्ड फॉल्ट्स’ हा आलेख पाहावा. फ्लेक्स उघडताना तो वर चढून तिथेच राहिला, तर रोग हाच.

माझ्या मते त्याहून मोठा फरक एसएसडीने पडेल. ७२०० आरपीएमची तबकडी एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद घेते. हवा तो भाग सुईखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते आणि त्याआधी सुई योग्य वर्तुळावर न्यायला आणखी ८-९ मिलिसेकंद जातात. विखुरलेल्या छोट्या फायली वाचताना हार्ड डिस्क सेकंदाला जेमतेम पाऊणशे वेळा हे करू शकते, आणि तीन लिप्यांचे शेकडो फाँट म्हणजे नेमक्या अशाच फायली आहेत. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. एच६१ वर साटा ३ चा (डिस्क जोडण्याचा नवा, जलद) पोर्ट नाही, साटा २ आहे, त्यामुळे तिचा पूर्ण वेग मिळणार नाही, सेकंदाला अडीचशे ते पावणेतीनशे एमबीच्या आसपास मिळेल, पण थांबण्याचा वेळ जवळजवळ नाहीसा होतो आणि आपल्याला तेच हवे आहे. २५० जीबीच्या आसपासची साधी अडीच इंची साटा एसएसडी घ्यावी. एम.२ वगैरेच्या मोहात पडू नये, आपल्या बोर्डावर त्याची जागाच नाही.

लॉक आणि स्कॅनरसाठी माझी सूचना अशी आहे की जुनी हार्ड डिस्क मुळीच फॉर्मॅट करू नये. तिची साटा केबल काढून ठेवावी, एसएसडी एकटी जोडून तिच्यावर ६४ बिटची विंडोज टाकावी आणि मगच जुनी डिस्क पुन्हा जोडावी. दोन्ही एकत्र जोडून इन्स्टॉल केल्यास सुरुवातीच्या फायली जुन्या डिस्कवर जाऊन बसतात आणि पुढे ती काढली की नवी विंडोज सुरू होत नाही. हा मनस्ताप मी स्वतः सोसलेला आहे. संगणक सुरू करताना बूट मेनूमधून डिस्क निवडली, की स्कॅनिंगच्या दिवशी जुनी ३२ बिटची विंडोज जशीच्या तशी मिळेल. लॉकच्या बाबतीत बहुतेक कंपन्या ६४ बिटचा ड्रायव्हर देतात, तो आधी उतरवून घ्यावा, आधी ड्रायव्हर टाकावा आणि मग लॉक लावावे.

बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, जुनी ‘आयडीई’ असेल तर एसएसडीसाठी ती नवी ‘एएचसीआय’ करावी लागेल, पण तसे केल्यावर जुनी विंडोज निळा पडदा दाखवून बंद पडेल. त्यामुळे मोड बदलण्याआधी जुन्या विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या नोंदवहीत) एमएसएएचसीआय या सेवेची ‘स्टार्ट’ ही नोंद शून्य करून ठेवावी.

प्रतिसाद – खोडरबर

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. फक्त एवढेच सांगतो की विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला, विंडोज १० चाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी आपला प्रोसेसर अधिकृत यादीत बसत नाही. तेव्हा या संगणकाला इंटरनेटची केबल लावू नये. गिऱ्हाइकांचे फोटो मोबाइलवर घेऊन केबलने उतरवावेत, आणि बाहेरचा पेनड्राइव्ह तर शक्यतो टाळावाच.

दुसरे असे की आपण पूर्व भागात आहात, म्हणजे आसपास यंत्रमाग असणार. कॅबिनेट उघडून प्रोसेसरवरचा पंखा काढून पाहिला आहे का? मागे एका ओळखीच्या कारखान्यातल्या संगणकात पंख्याखालच्या पत्र्यांमध्ये सुताची लव इतकी दाबून बसली होती की ती टॉवेलच्या तुकड्यासारखी अखंड निघाली. प्रोसेसर फार तापला की तो स्वतःच वेग कमी करतो, आणि मग रॅम कितीही घातली तरी उपयोग नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पंखा काढला, आणि लव निघाली. टॉवेल नव्हे, पण रुमाल निश्चित होईल एवढी. थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती पुसून नवी लावली. याच निमित्ताने लक्षात आले की बायोसमधील तारीख दर वेळी मागे जाते, तेव्हा सीआर२०३२ ही गोल बॅटरीही बदलली. हार्ड फॉल्ट्सचा आलेख आपण म्हणालात तसाच वर जाऊन थांबतो. एसएसडी उद्या आणतो. एक शंका राहिली आहे : ६४ बिट आणि एसएसडी झाल्यावर दहा बाय वीसचा फ्लेक्स खरोखर सुसह्य होईल का?

प्रतिसाद – जुळेसोलापूरकर

आपण तो कोणत्या रिझोल्यूशनला करता, यावर ते अवलंबून आहे. ७२ ला, म्हणजे इंचाला ७२ बिंदू, करत असाल तर १२० इंच गुणिले ७२ म्हणजे ८,६४० आणि २४० इंच गुणिले ७२ म्हणजे १७,२८०. दोन्हींचा गुणाकार १४ कोटी ९२ लाख ९९ हजार २०० बिंदू. छपाईच्या चार रंगांत प्रत्येक बिंदूला ४ बाइट लागतात, म्हणजे एका भरलेल्या लेयरला सुमारे ५७० एमबी. पाच-सहा लेयर केले की ३२ बिटचे फोटोशॉप छतालाच टेकते. चौकात उंचावर लागणारा फ्लेक्स ३६ ला केला तरी रस्त्यावरून फरक कळत नाही, आणि लेयर एकदम चौथाईवर, १४२ एमबीवर येतो. अक्षरे फोटोशॉपमध्ये न टाकता कोरल ड्रॉमध्ये टाकावीत, ती व्हेक्टर (बिंदूंऐवजी रेषांची) राहतात आणि छापताना कडा फाटत नाहीत. फोटोशॉपच्या परफॉर्मन्स सेटिंगमध्ये हिस्टरी स्टेट्स (मागे फिरण्यासाठी जपलेल्या पायऱ्या) २० असतील त्या १० कराव्यात, आणि स्क्रॅच डिस्क (फोटोशॉपची तात्पुरती कामाची जागा) एसएसडीवर ठेवावी.

धागाकर्ता

काम झाले. साटा मोड आयडीईच होता, त्यामुळे रजिस्ट्रीची सूचना नसती तर मी जुन्या विंडोजला मुकलो असतो. आता प्रॉपर्टीजमध्ये ‘८.०० जीबी (७.८९ जीबी वापरण्यायोग्य)’ असे दिसते. लॉकचा ६४ बिटचा ड्रायव्हर सॉफ्टवेअरच्या जुन्या सीडीवर नव्हता, तो विक्रेत्या कंपनीला ई-मेल केल्यावर मिळाला. त्या सॉफ्टवेअरचा मूळ इन्स्टॉलर मात्र ६४ बिटवर सुरूच होईना, तो १६ बिटचा निघाला. कंपनीने नंतरची आवृत्ती पाठवली, तिच्यात तेलुगूचे दोन फाँट वेगळ्या नावाने आहेत, एवढीच कटकट आहे आणि जुन्या पत्रिका उघडताना ते हाताने बदलावे लागतात. स्कॅनर जुन्या डिस्कवरून चालतो. मी गुरुवार हा स्कॅनिंगचा वार ठरवून टाकला आहे.

पूर्वी बटण दाबल्यापासून कोरल ड्रॉ उघडेपर्यंत साडेचार मिनिटे लागत, आज मोबाइलवर मोजले तर एक मिनिटही लागले नाही. काल ३६ वर केलेल्या दहा बाय वीसच्या फ्लेक्सवर सात लेयर होते आणि लाल दिवा अधूनमधूनच लुकलुकत होता. २ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर३, १३३३ मेगाहर्ट्झ, चालू स्थितीत माझ्याकडे पडून आहेत. इथल्या कुणाला हव्या असल्यास दुकानात येऊन घेऊन जाव्यात, पैसे नकोत, फक्त येताना आपल्या मदरबोर्डचा चिपसेट कोणता आहे ते पाहून यावे.