पाहुण्यांसाठी दोन रात्री फ्लॅट घेतला, हॉलमध्ये कॅमेरा निघाला. आता काय करू?

मोगरीचा_वेल (कोथरूड)

मुलाच्या लग्नाची धावपळ संपली, सत्यनारायणही झाला, पण एक गोष्ट मनातून जात नाही म्हणून लिहिते आहे.

लग्न डी. पी. रोडवरच्या एका लॉनवर होतं. आमचं घर दोन बेडरूमचं. लातूरहून ताई, भाओजी, भाचा, त्याची बायको, पाच महिन्यांचं बाळ आणि बारावीतली भाची एवढी माणसं येणार होती. ताईला जमिनीवर झोपवत नाही, तिचे गुडघे गेलेत. म्हणून बावधनला एक फ्लॅट दोन रात्रींसाठी घेतला. पाहिला होता अ‍ॅपवर, पण मालक फोनवर म्हणाले, "थेट माझ्याकडेच करा, दोघांचंही कमिशन वाचेल." नऊ हजार भाडं आणि पाच हजार डिपॉझिट यूपीआयने दिलं.

पैसे गेले आणि मग एकेक मागण्या सुरू झाल्या. आधी सगळ्यांचं आधार, पुढून-मागून, व्हॉट्सअ‍ॅपवर. भाचीचंही. मी पाठवलं. लग्नघरात कोण वाद घालत बसतं? मग दुसऱ्या दिवशी मेसेज आला की भाचा आणि भाचेसून यांची आडनावं वेगळी दिसतात, तर मॅरेज सर्टिफिकेट पाठवा. तिच्या आधारवर अजून माहेरचं नाव आहे. कडेवर बाळ घेऊन येणाऱ्या मुलीला लग्न झाल्याचा पुरावा मागतात! शेवटी भाच्याने लग्नातला अंतरपाट धरलेला फोटो पाठवला, तेव्हा कुठे ते गप्प बसले.

मंडळी पोचली तर मालक लिफ्टपाशी उभे. सामान खाली ठेवायच्या आत सगळ्यांना ओळीने उभं करून फोटो काढला, "रेकॉर्डसाठी". दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला स्वतःच्या किल्लीने लॅच उघडून आत आले. म्हणे गॅसचा रेग्युलेटर बघायचाय. भाओजी बनियनवर चहा घेत बसले होते. बेल वाजवायची तसदीसुद्धा नाही.

आणि मग कॅमेरा. एसी फक्त हॉलमध्ये होता, त्यामुळे बाळाला घेऊन सूनबाई तिथेच बसायची, दूधही तिथेच पाजायची. टीव्हीच्या वरच्या फळीवर गणपतीची मूर्ती, तिच्या मागे दोन फुलदाण्या, आणि दोन फुलदाण्यांच्या मधे एक पांढरा, लिंबाएवढा गोळा. पहिल्या रात्री कोणाचं लक्षच गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी भाची मूर्तीला फूल वाहायला गेली, तर तो गोळा तिच्याकडे वळला. ती घाबरून ओरडली. ताईने उठून बाळाचं दुपटं त्यावर टाकलं. दहा मिनिटांत माझा फोन वाजला. मी तेव्हा लग्नाच्या तयारीत होते. "कॅमेऱ्यावरचं कापड काढायला सांगा, प्रॉपर्टीच्या सेफ्टीसाठी आहे तो."

मला तेव्हा कळलं, की ते बघत होते. नुसता कॅमेरा लावून ठेवला नव्हता, त्या क्षणी कोणीतरी बघत होतं.

ताईने दुपटं काढलं नाही. सूनबाई त्यानंतर बेडरूममध्येच दार लावून बसली, मे महिन्यात, पंख्याखाली. लग्नात सगळे फोटो हसरे आहेत, पण ती मुलगी दोन दिवस नीट जेवली नाही. मी तिला बोलावून घेतलं होतं, माझ्या भरवशावर आली होती.

डिपॉझिट दिलं नाही. "घराचा नियम मोडला" म्हणून. पाच हजारांचं मी सोडून देईन. पण आमच्या सहा माणसांचे आधार त्या माणसाच्या फोनमध्ये आहेत आणि दीड दिवसाचं चित्रण कुठे आहे ते देव जाणे. काय करता येईल? आणि एक मनापासून विचारते: पाहुण्यांकडून नेमकं किती मागण्याचा अधिकार असतो मालकाला?

पौडफाटा

काकू, वाचून राग आला. आधी आधारचं करून टाका. यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साइटवर किंवा त्यांच्या आधार अ‍ॅपवर बायोमेट्रिक लॉक करता येतं, म्हणजे बोटांच्या ठशांवर कोणी काही करू शकत नाही. तिथेच ऑथेंटिकेशन हिस्टरी असते, आधार कुठे कुठे वापरलं गेलं ते मागच्या सहा महिन्यांचं दिसतं. सगळ्यांचं एकदा बघून ठेवा.

पुढच्या वेळी मास्क्ड आधार द्यायचं. त्यात आधीचे आठ आकडे झाकलेले असतात, फक्त शेवटचे चार दिसतात. डाउनलोड करतानाच तो पर्याय येतो. मी तर त्यावर "फक्त अमुक तारखेच्या मुक्कामासाठी" असं आडवं लिहून मगच फोटो पाठवतो.

तुमचं अ‍ॅप कोणतं ते मला माहीत नाही, पण एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतल्या कॅमेऱ्यांवर जगभर बंदी घातली आहे. आधी हॉल, पॅसेजसारख्या जागी सांगून लावलेला चालायचा, आता तोही चालत नाही. बाहेर लावला तर कुठे आहे ते बुकिंगच्या आधी लिहावं लागतं. म्हणूनच असे मालक "थेट करा" म्हणतात. थेट केलं की अ‍ॅपचा नियम लागू होत नाही आणि तक्रारीला जागाही राहत नाही. तरी तो फ्लॅट अजून अ‍ॅपवर दिसत असेल तर कळवा त्यांना. फोनचे स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती, काहीही डिलीट करू नका.

सह्याद्री_६२

मालकाची बाजूही बघा. घर त्याचं, लाखोंचं सामान. आजकाल लोक चादरीसुद्धा नेतात. कॅमेरा नको असेल तर हॉटेलात राहावं.

मोगरीचा_वेल

सह्याद्री, घर त्यांचं आहे हे मला मान्य आहे. चादर गेली तर डिपॉझिट कशाला असतं? माझ्या घरी मोलकरीण येते, गवंडी येतो, चोरीची भीती मलाही असते, पण म्हणून त्यांना बघायला मी कपडे बदलायच्या खोलीत डोकावत नाही. ज्या घरात दोन रात्री झोपायचे पैसे घेतले, ते घर त्या दोन रात्री राहणाऱ्याचं असतं असं मी धरून चालते. आणि कॅमेरा आहे असं एका शब्दाने कळवलं असतं तर मी तो फ्लॅट घेतलाच नसता.

अंगणातली_तुळस

मी स्वतः पाहुणे ठेवते, म्हणून लिहिते. कर्वेनगरला आमच्या घराचा वरचा मजला देते. सासरे गेल्यावर तो रिकामाच होता.

भीती खरी असते. एकदा दोघांचं बुकिंग करून चौदा मुलं आली होती. पहाटे तीनपर्यंत स्पीकर, खालच्या आजोबांना बीपीचा त्रास, शेवटी शेजाऱ्यांनी ११२ ला फोन केला. ते निस्तरताना मी रडले होते. त्यानंतर जिन्याच्या बाहेर, दारावर एक कॅमेरा लावला. तो आहे असं जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहिलंय आणि आल्यावर बोटाने दाखवते. त्यात दारासमोरच्या चपला दिसतात. दोघांच्या ठिकाणी दहा जोड दिसले तर मी फोन करते. तेवढं पुरतं मला. आत काय चाललंय ते कळायची गरज कधी पडली नाही.

ओळखपत्र मी बघते, ते टाळता येत नाही. पोलीस कधीही विचारतात कोण राहिलं होतं, आणि परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांत ऑनलाइन कळवावंच लागतं. पण मी मोठ्या माणसांचं ओळखपत्र दारात बघते, वहीत नाव, गाव, फोन, ओळखपत्राचा प्रकार आणि शेवटचे चार आकडे लिहिते. फोटो माझ्या फोनवर येऊच देत नाही. आला तर ते सांभाळायचं ओझं माझ्यावरच येतं ना! लग्न झालंय का, हे मी कधी विचारलं नाही. तो माझा विषयच नाही.

आणि किल्ली. दुसरी किल्ली माझ्याकडे असते, असायलाच हवी, पण पाणी तुंबलं तरी आधी फोन, मग बेल, आणि त्यांनी दार उघडलं तरच आत. तुमच्या सूनबाईंचं वाचून फार वाईट वाटलं. आम्हा पाहुणे ठेवणाऱ्यांचं नाव अशी माणसं घालवतात.

खटला_क्रमांक

मी शिवाजीनगर कोर्टात वकिली करतो. थोडक्यात लिहितो, कागद बघितल्याशिवाय जास्त बोलणं बरोबर नाही.

पाच हजार सोडा, चित्रणाचं सोडू नका. बाळाला पाजणाऱ्या बाईचं तिच्या नकळत चित्रण होत असेल तर तो गंमतीचा विषय नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ (पूर्वीच्या दंड संहितेचं ३५४-सी) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई, दोन्ही इथे तपासावी लागतील. ६६ई मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. तक्रार सूनबाईंच्या इच्छेनेच व्हावी, त्यांच्यावर कोणीही दबाव आणू नये, घरच्यांनीसुद्धा. त्यासाठी पुण्याला यायची गरज नाही, लातूरच्या ठाण्यातही शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, मग तो इकडे वर्ग होतो. "कापड काढा" हा फोन आला त्याची तारीख, वेळ आणि किती मिनिटं, हे कॉल लॉगमधून आजच उतरवून ठेवा. मालक त्या क्षणी बघत होते हे त्याच फोनवरून दाखवता येईल.

मॅरेज सर्टिफिकेटबद्दल: सज्ञान स्त्री-पुरुषांनी, लग्न झालेलं नसलं तरी, एका खोलीत राहू नये असा कायदा नाही. डिसेंबर २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कोइमतूरच्या एका सर्व्हिस अपार्टमेंटच्या प्रकरणात हेच म्हटलं आहे. मालक आपल्या घरी कोणाला ठेवायचं ते आधी ठरवू शकतो, पण पैसे घेऊन झाल्यावर असली अट काढणं वेगळं. आधारच हवं असा हट्टही खासगी माणसाला धरता येत नाही, परवाना, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र चालतं.

डिपॉझिटसाठी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. आणि आज रात्रीच मालकांना लेखी मेसेज: आधारच्या सगळ्या प्रती पुसा, चित्रण पुसू नका. दोन्हीतला फरक लक्षात घ्या. चित्रण पुसलं गेलं तर पुरावाच जाईल.

मोगरीचा_वेल

वकीलसाहेब, तुमच्या शेवटच्या ओळीने वाचवलं. मी "सगळं डिलीट करा" असा मेसेज लिहूनच ठेवला होता, फक्त पाठवायचा राहिला होता. तुम्ही सांगितलं तसा बदलून पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. पण तासाभरात तीन हजार परत आले, काहीही न लिहिता. दोन हजार अजून ठेवलेत.

काल सूनबाईशी बोलले. मी काही सुचवलं नाही, फक्त तुमचं उत्तर वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, तो फोन किती वाजता आला होता?" मी कॉल लॉग उघडला. दुपारी २:४०. ती म्हणाली, लिहून ठेवा. सोमवारी भाचा तिला घेऊन लातूरच्या ठाण्यात जाणार आहे.

पौडफाटा, एक अडचण आहे. ताईच्या आधारला मोबाइल नंबर जोडलेला नाही, त्यामुळे ओटीपी येत नाही आणि लॉक होत नाही. काय करायचं?

पौडफाटा

काकू, आधी नंबर जोडावा लागेल. त्यासाठी ताईंना आधार केंद्रावर जाता येईल, नाहीतर पोस्टाच्या बँकेमार्फत पोस्टमनही घरी येऊन जोडून देतो. कागदपत्रं लागत नाहीत, बोटाचा ठसा पुरतो. केंद्रावर जाणार असाल तर आधी वेळ घेऊन जा म्हणजे गुडघ्यांना उभं राहावं लागणार नाही. नंबर चालू झाला की मला इथेच लिहा, लॉक कसं करायचं ते एकेक पायरी सांगतो.