शब्दचर्चा : टायमिंग ‘पुढे’ घ्यायचं म्हणजे लवकर की उशिरा?

प्रश्न : जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलच्या दुरुस्तीवर मराठीत लिहितोय. इग्निशन अ‍ॅडव्हान्स करण्याला, म्हणजे प्लगची ठिणगी लवकर पाडण्याला, गॅरेजात सर्रास ‘टायमिंग पुढे घेणे’ म्हणतात. पण परीक्षा पुढे गेली म्हणजे ती उशिरा होणार! वाचणारा टायमिंग बदलणारी प्लेट भलत्याच बाजूला फिरवायचा. काय लिहावं?

प्रतिसाद : दोन्ही अर्थ मराठीत सुखाने नांदतात. घड्याळ पुढे केलं तर गजर लवकर वाजतो, बैठक पुढे ढकलली तर ती लांबते. मेकॅनिकचं ‘पुढे’ घड्याळाचं. तोंडी खपून जातं, कारण सांगणाऱ्याचा हात प्लेटवरच असतो. लेखी मात्र नको. ठिणगी फार लवकर पडली तर किक उलटी बसते, इंजिन नॉक करतं (आतून ठोके देतं), वेळप्रसंगी पिस्टनला भोक पडतं. उशिरा पडली तर गाडी ओढत नाही आणि सायलेन्सर तापतो. सरळ ‘ठिणगी लवकर’, ‘ठिणगी उशिरा’ लिहा.

प्रतिसाद : माझं मत ‘अलीकडे’ला. इथे टायमिंगचं मोजमाप बहुधा मिलिमीटरमध्ये असतं. प्लगच्या भोकात डायल गेज (अंतर दाखवणारं काट्याचं मापक) बसवून पिस्टन टीडीसीला, म्हणजे त्याच्या सगळ्यात वरच्या टोकाला, आणायचा, काटा शून्यावर करायचा. मग क्रँक (पिस्टनला जोडलेला फिरता दांडा) उलटा फिरवून पिस्टन हव्या अंतरापेक्षा थोडा जास्तच खाली न्यायचा आणि सुलट फिरवत हळूहळू वर आणायचा. पॉइंटमध्ये, म्हणजे उघडले की ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांमध्ये, पातळ कागद धरून हलका ताण ठेवायचा. कागद सुटला, की पॉइंट उघडले. त्या क्षणी काटा जे दाखवेल ते तुमचं टायमिंग. 54 मिमी स्ट्रोकच्या इंजिनात 2 मिमी म्हणजे क्रँकचे साधारण 20 अंश. ‘टीडीसीच्या 2 मिमी अलीकडे’ म्हटलं की घोळ संपला.

प्रश्नकर्ता : ‘अलीकडे’ पटलं. टीडीसीला मी ‘ऊर्ध्व मृतबिंदू’ लिहिलंय.

प्रतिसाद : कृपा करा, टीडीसीच राहू द्या. पान्हा हातात घेतलेला माणूस मृतबिंदू शोधत बसायचा.

प्रतिसाद : ‘गॅप’ही नीट लिहा, प्लगचा की पॉइंटचा ते. पॉइंटचा गॅप वाढवला, की ते आधी उघडतात, म्हणजे प्लेटला हात न लावता ठिणगी लवकर पडते. म्हणून आधी फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पातीने) गॅप, मग टायमिंग. उलट क्रमाने केलं तर केलेलं टायमिंग वाया. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजली, की गॅप कमी होतो आणि टायमिंग आपोआप उशिरा सरकतं. आणि प्लेटबद्दल ‘डावीकडे-उजवीकडे’ लिहू नका, इंजिनागणिक बदलतं. ‘क्रँक फिरतो त्याच्या उलट दिशेने प्लेट सरकवली, की ठिणगी लवकर’ असं लिहा.